होडीला हाक

आमच्या लॉजवर येणारा पाहुणा आराम करायला येतो, असं तो स्वतः म्हणतो. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता झाला की तो हात चोळत माझ्यासमोर उभा राहतो आणि विचारतो, "मग आज काय काय आहे?" तलाव बघून कुणाचं पोट भरत नाही. त्यासाठीच मला ठेवलेलं आहे. रोज सकाळी जेवणघराबाहेरच्या फळ्यावर मी दिवसभराचं लिहिते: सातला पक्षी बघायला चालत, नऊला तिरंदाजी, अकराला तलावाच्या कडेने सायकल, चारला गळ टाकून मासे, साडेपाचला होडीतून बेटाला फेरी. गळ्यात कायम शिट्टी असते म्हणून पोरं मला शिट्टीताई म्हणतात. वयाच्या पन्नाशीत हे नाव मिरवायला जिगर लागते.

होडी माझ्या मोठ्या भावाची. म्हणजे मालकीची लॉजचीच, पण पंचवीस वर्षं ती दुसऱ्या कुणी वल्हवली नाही. पाहुणे त्याला कप्तान म्हणायचे. आई-वडील लवकर गेले, मला वाढवलं दादाने. पोहायला शिकवलं त्याने, इथे कामाला लावलं त्याने. वहिनी गेल्यापासून तो होडीघरामागच्या खोलीत एकटाच राहायचा. होडी हेच त्याचं सगळं होतं. तिच्याशी तो माझ्यापेक्षा जास्त बोलायचा, आणि गोड बोलायचा.

त्याची नजर जायला लागली आहे हे मला फळ्यावरून कळलं. एक दिवस म्हणाला, "धाकटे, तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. काय लिहिलंयस ते वाचून दाखव." मी चिडले. माझं अक्षर चांगलं आहे, तिथे मी कुणाचं ऐकून घेत नाही. मग चार दिवसांनी तो चहा ओतताना कपाच्या काठाआत बोट धरून बसला होता. चहा बोटाला लागला की थांबायचं. मी दारातून बघितलं आणि तशीच मागे फिरले.

त्यानंतर मी त्याच्यावर डोळा ठेवला. वल्हवणाऱ्याची पाठ नेहमी तो जातो त्या दिशेला असते. मान वळवून वळवून वाट बघावी लागते. दादाने मान वळवणं सोडून दिलं होतं. भर दिवसा त्याला सावल्या तरी दिसत असाव्यात, पण संध्याकाळी ऊन तिरपं झालं की बहुधा काहीच नाही. पाहुणे मात्र थक्क व्हायचे. "बघा, मागे न बघता होडी बरोबर धक्क्याला आणतो! याला म्हणतात हात बसणं." दादा हसायचा. आणि महिन्यातून दोनदा होडी धक्क्याच्या खांबाला आपटायची.

मी त्याला विचारायला हवं होतं. सरळ बोलायला हवं होतं. मी तसं केलं नाही, कारण मला भीती वाटत होती. विचारलं असतं तर त्याला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि मग होडी गेली असती. होडीशिवाय दादा मला डोळ्यांपुढे आणता येत नव्हता.

म्हणून मी एक युक्ती केली. फळ्यावर शेवटची ओळ वाढवली: सव्वासहाला, होडीला हाक. पोराबाळांना, आजी-आजोबांना धक्क्याच्या टोकाशी उभं करायचं आणि सगळ्यांनी मिळून ओरडायचं, "कप्ताऽऽन होऽऽ!" तिकडून दादा उत्तर द्यायचा, "आलोऽऽ!" आणि होडी आवाजाच्या रोखाने सरळ येऊन लागायची. पाहुण्यांना मी सांगितलं की ही इथली जुनी पद्धत आहे. लोक जुन्या पद्धतीवर फार लवकर विश्वास ठेवतात. पहिल्याच आठवड्यात हा कार्यक्रम सगळ्यात लाडका झाला. दिवसभर खुर्चीतून न उठणारे साहेब लोक तिथे येऊन गळ्याच्या शिरा ताणायचे. मॅनेजरने माझी पाठ थोपटली. मला गर्व झाला, खोटं कशाला बोलू. दोन वर्षं होडी एकदाही खांबाला लागली नाही. दादाने हाकेबद्दल चकार शब्द काढला नाही, मीही नाही.

मग एके दिवशी मॅनेजर म्हणाला, "ताई, आज हाक धक्क्यावरून नको. खडकावरून मारू. तिथून मागे बेट आणि मावळता सूर्य, फोटो काय येतील! माहितीपत्रकासाठी फोटोवाला आलाय."

धक्क्यापासून शंभर पावलांवर तलावात घुसलेलं ते खडकाचं टोक आहे. वर सपाट आहे, चांगली वीस माणसं उभी राहतात. पण त्याच्या पुढ्यात पाण्याखाली दगड आहेत. मी म्हणाले, "धक्काच बरा नाही का?"

"का? काय अडचण आहे?"

काय अडचण आहे हे मला सांगता येईना. "नाही, काही नाही," म्हणाले.

फेरीच्या आधी मी होडीघरात गेले. चार पाहुणे लाइफ जॅकेट चढवत होते: एक निवृत्त मास्तर, एक जोडपं आणि त्यांची सहा-सात वर्षांची मुलगी. दादा वल्ही पुसत होता. मी सहज बोलल्यासारखं केलं, "दादा, आज पाहुणे खडकावर उभे राहणार आहेत, हं. फोटो काढायचेत."

त्याचा हात क्षणभर थांबला. "राहू देत की," तो म्हणाला, "मला काय त्याचं? मी माझी होडी धक्क्याला लावीन."

"हो, तेच म्हणते मी. धक्क्यालाच लाव."

एवढंच बोलणं झालं. मला वाटलं, आता त्याला कळलं आहे, तो आवाज डाव्या हाताला धरून अंदाजाने येईल. त्याला काय वाटलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. आम्ही दोघं एकमेकांना इतकं जपत होतो की त्यात होडीत बसलेली माणसं कुणाच्याच ध्यानात आली नाहीत.

सव्वासहाला खडकावर वीस जण उभे होते. फोटोवाल्याने सगळ्यांना रंगीत टोप्या दिल्या होत्या. हाक सुरू झाली. बेटाकडून उत्तर आलं, होडी वळली, आणि थोड्या वेळाने मला दिसलं की ती धक्क्याकडे जात नाही. सरळ आमच्याकडे येते आहे. मी शिट्टी फुंकली. पोरांना ते फारच आवडलं, ती आणखी जोरात ओरडायला लागली. "गप्प बसा!" मी किंचाळले. "दादा, उजवीकडे! उजवीकडे घे!" पण वीस गळ्यांमध्ये माझा एक गळा काय ऐकू येणार. फोटोवाला म्हणत होता, "छान, छान, असंच येऊ द्या."

होडी दगडावर चढली आणि कलंडली.

पाणी कमरेएवढंच होतं. सगळ्यांच्या अंगात जॅकेट होतं. कुणी बुडण्यासारखं नव्हतं, हे मला माहीत होतं. मास्तरांचं कपाळ वल्ह्याला लागून फुटलं, रक्त डोळ्यांत उतरलं. बाईंनी नवऱ्याचा दंड पकडला होता, दोघांच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं, खोकल्याने बोलता येत नव्हतं. आणि दादा पाण्यात उभा राहून दोन्ही हात पुढे करून माणसं मोजत होता. मास्तरांच्या खांद्याला हात लागला, "एक." नवऱ्याच्या छातीला, "दोन." बाईंच्या हाताला, "तीन." मग तो थांबला. हात पाण्यावर इकडून तिकडे फिरवायला लागला. "पोर कुठे आहे? अहो, पोर कुठे आहे?"

पोर त्याच्या समोर उभी होती. एका हाताच्या अंतरावर. भेदरून तोंडातून आवाज निघत नव्हता तिचा, नुसती त्याच्याकडे बघत होती. दादाने पाण्यात बुडी मारली. वर आला, परत बुडी मारली. तिसऱ्यांदा तो वर आला तोवर मी पाण्यात उतरून पोरीला उचललं होतं. मी तिचा हात त्याच्या हातात दिला. त्याने तो घट्ट धरला आणि "चार" म्हणाला.

किनाऱ्यावर सगळे म्हणाले, कप्तान घाबरला बिचारा. मास्तरांना दोन टाके पडले. ते भले गृहस्थ, "अहो, शाळेत यापेक्षा जास्त लागायचं," म्हणाले.

सकाळी मॅनेजरने मला बोलावलं. त्याने कागद तयार ठेवला होता. "तलावाचं पाणी उतरलंय, म्हणून दगड वर आले. दोष कुणाचाच नाही, असं लिहिलंय. खरं तर दोष माझाच, मी हट्ट केला. गुरुवारपर्यंत होडी दुरुस्त होईल, शुक्रवारी कप्तान परत पाण्यात. तुम्ही इथे सही करा."

मी पेन हातात घेतलं. सही केली की सगळं जागच्या जागी. शुक्रवारी धक्क्यावर हाक, होडी सरळ येणार, दादा हसणार. मला फक्त सही करायची होती. पण मला त्याचे पाण्यावर फिरणारे हात दिसत होते.

"त्याला दिसत नाही," मी म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा ते शब्द माझ्या तोंडातून निघाले, तेही परक्या माणसापुढे.

मॅनेजर वाईट नाही. त्याने तो कागद माझ्यासमोरून उचलला. मग म्हणाला, "लाइफ जॅकेटच्या खोलीचं काम देऊ त्यांना. पगार तोच राहील. तुम्ही सांगाल की मी सांगू?"

"मी सांगते."

होडी होडीघरात पालथी घातली होती. दादा तिच्या फुटलेल्या फळीवरून बोटं फिरवत बसला होता. माझी पावलं ओळखून म्हणाला, "दोनच फळ्या गेल्यात, धाकटे. गुरुवारी उभी करतो तिला."

"दादा, मी मॅनेजरला सांगितलं."

"काय?"

"तुला दिसत नाही ते."

त्याची बोटं थांबली. मला वाटलं तो ओरडेल, आणि त्याने ओरडावं असंच मला वाटत होतं. पण त्याने हळूच विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"दोन वर्षं झाली."

"म्हणजे ती हाक..."

"हो."

तो हसला. इतकं वाईट हसणं मी कधी ऐकलेलं नाही. "आणि मी समजत होतो, नशीब माझं थोर. पाहुण्यांना ओरडायची हौस आणि माझी आयती सोय. रोज धक्क्याला लागलो की मनात म्हणायचो, चला, आजही धाकटीला कळलं नाही. काल तू खडकाचं बोललीस तेव्हा वाटलं, हिला संशय आला, ही माझी परीक्षा घेतेय. म्हणून फुशारकीने बोललो. मग पाण्यावर गेल्यावर धक्का कुठे तेच समजेना. हाक ऐकू येत होती, तिकडे आलो."

मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. "दादा, मी तुला विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंस तर मी दिसतं म्हणालो असतो."

"माहीत आहे."

"चिडलो असतो तुझ्यावर."

"तेही माहीत आहे."

त्याने फुटलेल्या फळीवरून हात काढून घेतला. मग विचारलं, "ती पोर. मी शोधत होतो तेव्हा कुठे होती?"

खोटं बोलावंसं वाटलं. म्हणावं, लांब होती, होडीच्या पलीकडे होती. पण दोन वर्षं तेच तर केलं होतं. "तुझ्यासमोर," मी म्हणाले. "हातभर अंतरावर."

त्याने आपला हात पुढे केला, पूर्ण लांब, आणि तसाच धरून ठेवला. "एवढ्यावर?"

"एवढ्यावर."

"मला वाटलं ती गेली," तो म्हणाला. "तळाला हात लावून आलो मी." मग त्याने हात खाली घेतला, आणि माझ्याकडे तोंड न करता बोलला. "तू विचारलं असतंस ना, तर मी दिसतं म्हणालो असतो हे खरं. होडी सोडलीही नसती. पण तुला कळलंय हे मला कळलं असतं, तर त्या दिवसापासून मी लहान पोरं होडीत घेतली नसती. नको म्हटलं तर तुला संशय येईल, म्हणून घेत राहिलो."

बाहेर नऊची तिरंदाजी खोळंबली होती. कुणीतरी शिट्टीताई, शिट्टीताई करत मला शोधत होतं. मी उठले नाही.