धडधडणारा तारा

नाहूरच्या त्या सोसायटीच्या गच्चीवर दिवेलागणीपासून रांग लागायची. काळ्या कापडाखाली दुर्बीण होती. डोळा लावायची नळी तेवढी बाहेर.

"हा मृगातला काक्षी. लाल, म्हातारा तारा. कसा धडधडतोय बघा," श्यामसुंदर सर माईकवरून सांगत. "येत्या अमावास्येला फुटणार, सगळं संपणार. त्याआधी त्याचे किरण अंगावर घ्याल तर रोग जाईल, तुम्ही वाचाल, पण अंगात औषध असेल तर उलटतील. बस, पुढे चला. जास्त बघितलं तर डोळा जाईल."

"खरंच धडधडतोय रे," म्हणत माणसं पुढे सरकत आणि भारलेल्या पाण्याची बाटली घेऊन उतरत.

रांगेत रोज येणाऱ्या चंपाने ते ऐकून टीबीच्या गोळ्या बंद केल्या होत्या. नवरा, कुंडलिक, गेल्यापासून तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. सगळं अमावास्येला संपणार, हे ऐकूनही भीती वाटली नाही. घरात बुद्धवंदना. बाबाबुवांना तिने कधी दारात उभं केलं नव्हतं. पण इथे मूर्ती नव्हती, अंगारा नव्हता. "इथे देव नाही, विज्ञान आहे," असं सर म्हणाले, आणि तिने मान डोलावली.

तिचा खोकला पुन्हा वाढला तशी मुलगी संघमित्रा घाबरली. आपल्या जुन्या शिक्षिकेला, तेरेसा टीचरना, घेऊन ती गच्चीवर आली.

टीचर चंपाच्या मागे उभ्या राहिल्या. "चंपा, डोळा लाव. मी सांगेन तेव्हाच काढ."

"बाई, डोळा जाईल," सर म्हणाले.

"जाऊ दे," चंपा म्हणाली, आणि बघत राहिली. तिला कसलीच घाई नव्हती. रांग कुरकुरली.

"अगो, सरकला का तारा?"

"नाही टीचर. मधोमध आहे."

"आता?"

"तिथेच. लागतो, विझतो."

टीचर रांगेतल्या मुलांकडे वळल्या, वर्गात वळावं तशा. "पृथ्वी फिरते ना? मग दुर्बीण एका जागी ठेवली की तारा बघता बघता नळीबाहेर जातो. सारखी सरकवावी लागते. हिला इथे कोणी हात लावला?"

"नाही," मुलं म्हणाली.

"विशेष तारा आहे हा," सर म्हणाले.

"मग कापड काढा की, सर."

सर हलले नाहीत. कापड संघमित्राने ओढलं; पलीकडच्या बाजूला त्याला भिंगाएवढं भोक होतं. दुर्बीण आकाशाकडे नव्हतीच. भांडुपच्या बाजूला नवा टॉवर उभा राहत होता, त्याच्या माथ्यावरच्या लाल दिव्यावर ती रोखलेली होती. विमानांसाठीचा दिवा. लागत होता, विझत होता.

"वाट लागली," रांगेत कुणीतरी म्हणालं. सर माईकची वायर गुंडाळू लागले.

टीचरनी वर बोट दाखवलं. "काक्षी तो. फुटेल कधीतरी, कदाचित लाख वर्षांनी. तारीख कोणालाच सांगता येत नाही. आणि फुटला तरी इतका लांब आहे, की आपला रोग आणणारही नाही आणि नेणारही नाही. कोणी विज्ञानाचं नाव घेतलं म्हणून मान डोलावू नका. दुर्बिणीतून बघा, पण ती कुठे रोखलीय तेही बघा."

चंपाला राग आला नाही, लाजही वाटली नाही. एवढंच कळलं, की अमावास्येनंतर दुसरा दिवस उजाडणार, आणि तो तिला काढावा लागणार.

"दवाखाना किती वाजता उघडतो गं?" तिने मुलीला विचारलं.