भरल्या पोटी

"अरे, गाय नाहीये ती!" कुंपणाशी थांबून शेजारची मायलिस ओरडली. "रानातल्या मूस हरणाचं पिल्लू आहे. उद्या दूध काढायला बसशील!"

"तू आपली वाट धर," एवर्ट म्हणाला आणि त्याने गवताचा आणखी एक भारा गोठ्याबाहेर टाकला.

चाळीस वर्षं गाई सांभाळलेला माणूस. शेवटची गाय जाऊन दोन वर्षं झाली, तरी गवत कापून भरून ठेवायची खोड गेली नव्हती. गेल्या सप्टेंबरच्या शिकारीत त्याच्यासमोर मूसची मादी आली. क्षणभर थांबायचं सोडून त्याने बार काढला, ती कोसळली, आणि मागून झुडपातून पिल्लू बाहेर आलं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं : आधी पिल्लू मारायचं, मग आई. बिनआईचं पिल्लू हिवाळा काढत नाही. शेकोटीपाशी कॉफी पिताना आम्ही बरोबरचे शिकारी, कोणी चकार शब्द काढला नाही. चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला हलकं वाटलं असतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

फेब्रुवारीत बर्फ कमरेपर्यंत चढला. तेच पिल्लू बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ चाटायला रस्त्यावर येऊ लागलं. एकदा लाकडाच्या ट्रकखाली येता येता वाचलं. तेव्हा एवर्टने गवत दाखवत त्याला गोठ्यापर्यंत आणलं. ते अधाशासारखं खायचं.

"एवढं एक जगू दे," तो मायलिसला म्हणाला, "मग मला झोप लागेल."

नवव्या दिवशी पिल्लू बसलं, ते उठलंच नाही.

वन्यप्राण्यांचं काम बघणारी इंगेला आली. तिने पोट फाडलं, तर आत गच्च गवत.

"उपाशी मेलं," ती म्हणाली.

"उपाशी? अगं, रोज दोन भारे खात होतं!"

"काका, हिवाळ्यात यांना काड्या आणि साल लागते. पाइनचे शेंडे, वाळुंजाच्या फांद्या. गवत पचत नाही, नुसतं साचतं." मग तिने आवाज खाली आणला. "तुम्हाला तरी कुठून माहीत असणार? मी कागदावर मरणाचं कारण अशक्तपणा लिहिते."

"म्हणजे आई आणि लेकरू, दोन्ही माझ्याच हातून गेली."

मायलिस आज थट्टा सोडून कुंपणाच्या आत आली. तिने त्याची बाही घट्ट धरली.

"गवत लिही," एवर्ट म्हणाला. "आणि कुणी घातलं, तेही लिही."

इंगेलाने पेन कागदाला लावलं. एवर्टने टोपी काढली, आणि तिचं लिहून होईपर्यंत तो बर्फात उघड्या डोक्याने उभा राहिला.