पुनमचा हात कुणी हलवला?

"हालला! हात हालला!"

मंडपभर आरोळी उठली. हलगी कडाडली, नारळ फुटले. हिंगोलीकडच्या गोरेगावजवळ आमच्या वाडीत भाद्रपदातल्या त्या सकाळी बिजलीबाबाच्या नावाचा नुसता गजर चालला होता.

हे २००६ सालचं. मी वाडीतल्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. बाबा पावसाळ्याच्या तोंडाशी गावात आला आणि पारापाशी ताडपत्री ठोकून बसला. अंगात भगवी कफनी, हातात पितळी त्रिशूळ, तोंडाचा पट्टा अखंड चालू.

"बारा वर्षं हिमालयात विजा प्यायलोय, माय! वरची बिजली या त्रिशूळातून खाली उतरते. खांब नको, लाईनमन नको, बिल नको!"

ज्या गावात अर्धा दिवस लाईन नसायची, तिथं फुकटची बिजली कुणाला नको होती?

गर्दी सारून पुढे गेलो आणि थबकलो. ओल्या पोत्यावर माझ्या सहावीच्या वर्गातली पुनम पडली होती. ग्यानबा धनगराची एकुलती एक लेक. बाबानं त्रिशूळ दंडाला टेकवला की तिची बोटं आखडत आणि मनगट उसळी घेई. उचलला की हात पुन्हा ढिला. पापण्या मिटलेल्या, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ.

"काय झालं हिला?"

"सकाळी उठली तं पोट दुखून राहिलं म्हनली," ग्यानबा म्हणाला. "मंग डोळेच उघडंनात. जीभ जड झाली, मान टाकली. बाहेरची बाधा हाये म्हनत्यात बाबा."

"ग्यानबा, जीप आण. आत्ताच्या आत्ता हिंगोलीला नेऊ."

"गुरुजी, हात हालला की! तुमी पायलं न्हाई का?"

बाबा हसला. "मास्तर, पुस्तकातली वीज दिवे लावते. ही वीज जीव लावते. सूर्य डोक्यावर येऊ दे, पोरगी चालत घरी जाईल."

शालूबाई, पुनमची आई, लेकीच्या कानाशी तोंड नेऊन सारखी बोलत होती. मी विनवलं, ओरडलो. चार माणसांनी मला धरून मागं नेलं. सूर्य डोक्यावर आला. पुनमची छाती हलायची जवळजवळ थांबली, नखं निळी पडली, तेव्हा कुठं ग्यानबानं तिला झटकन उचललं आणि जीपकडे धावला.

हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टर मोहिनीताईंनी पापणी वर करून पाहिली, पाय तपासले. घोट्याजवळ सुईच्या टोकाएवढे दोन ठिपके होते. त्यांनी घशात नळी घातली, हातानं फुगा दाबून श्वास दिला, सापाची लस चढवली. हृदय थोडा वेळ चाललं. दिवस मावळायच्या आत तेही थांबलं.

"मण्यार," बाहेर येऊन त्या म्हणाल्या. "हा साप झोपेतच चावतो. ना सूज, ना आग. कळतसुद्धा नाही."

"पण हात हालत होता, ताई," मी म्हणालो.

त्या भिंतीला टेकल्या. "मेंदूतल्या पेशी विजेनं बोलतात, गुरुजी. अगदी इवलीशी वीज. ती मज्जातंतूतून धावत स्नायूपर्यंत येते. तिथं टोकाशी निरोप हातोहात द्यावा लागतो, आणि मण्यारीचं विष नेमकं तेच दार बंद करतं. मेंदू सांगत राहतो, श्वास घे, श्वास घे. छातीला ऐकूच जात नाही. पण स्नायूला बाहेरून विजेचा झटका दिला, तर तो आखडणारच. त्यासाठी मेंदूची गरज नाही. तुमच्या त्या बाबाकडे वीज आहे. शोधा कुठली आहे ती."

दुसऱ्या दिवशी पुनमच्या अंथरुणाखालच्या वैरणीत मण्यार सापडली. तरी बाबा डगमगला नाही. "अर्ध्यातून उठवली म्हणून गेली," तो सांगू लागला. "बापानंच घात केला."

शालूबाईनं ग्यानबाशी बोलणं टाकलं. भाकरी पुढ्यात सरकवायची आणि तोंड फिरवायची. ग्यानबा शाळेच्या पायरीवर येऊन बसायचा. "गुरुजी, म्या उचलली नसती तं जगली असती का?" एवढंच विचारायचा. त्याचं ते तोंड मला बघवेना.

बाजाराच्या दिवशी हरिचंद खाटकाकडून नुकत्याच कापलेल्या बकऱ्याची तंगडी घेतली आणि ग्यानबाला सोबत घेऊन मंडपात गेलो. हलगी वाजत होती. एका म्हाताऱ्याच्या लुळ्या पायावर प्रयोग चालला होता. मी त्याला बाजूला बसवलं, तंगडी ओल्या पोत्यावर ठेवली आणि बाबाच्या हातातला त्रिशूळ मुठीला धरून ओढून घेतला. शिष्य अंगावर धावले. ग्यानबा काठी घेऊन मधे उभा राहिला.

"हलगी बंद करा!"

त्या शांततेत बाबाच्या आसनाखालून आवाज येत होता. टक्. टक्. टक्. मी त्रिशूळ तंगडीला टेकवला. प्रत्येक टक्‌ला तंगडी उसळली.

"बोला," मी म्हणालो, "हे बकरू उठून चालणार आहे का?"

मागची माणसं पुढं सरकली.

त्रिशूळाच्या मुठीवरचं लाल फडकं सोडलं. खाली सायकलची ट्यूब गुंडाळलेली, बाबाला झटका बसू नये म्हणून. त्रिशूळाला बांधलेल्या लाल नाड्यात तार होती, ती आसनाखाली जात होती. घोंगडी उचलली. रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून कुंपणाला लावतात ते झटका मशीन आणि बॅटरी! दुसरी तार ओल्या पोत्याखालच्या पत्र्याला जोडलेली.

हिमालयातली बिजली ती एवढीच. बाबा मागच्या मागं पळाला, आणि त्याच्यामागं धावायचीही कुणाला शुद्ध नव्हती. सगळे तंगडीकडे पाहत होते.

बायकांच्या गर्दीतून शालूबाई पुढं आली. "गुरुजी, खरं सांगा. सकाळीच दवाखान्यात नेली असती तं?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण खोट्यानंच ही पोर नेली होती.

"बहुतेक वाचली असती, शालूबाई. ग्यानबानं उचललं ते बराबर केलं. उशीर झाला, एवढंच."

तिनं ग्यानबाकडे पाहिलं. तो खाली बसून राहिला होता. ती त्याच्याजवळ गेली, त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग पुन्हा माझ्याकडे वळली.

"तिला ऐकू येत व्हतं का? म्या कानात बोलून राहिले व्हते."

डॉक्टरांनी मला ते सांगितलं होतं. या विषात शरीर लुळं पडतं. माणूस मात्र, श्वास चालू आहे तोवर, आत जागा असतो.

"व्हय," मी म्हणालो. "ऐकू येत असणार."

"म्या म्हनत व्हते, भिऊ नको बाई, बिजलीबाबा हायेत." तिनं त्या ओल्या पोत्याकडे पाहिलं. "तिला दवाखान्यात जायचं असंल, तं ती सांगनार कशी व्हती, माय?"

मी तिला हात जोडले आणि गर्दीकडे वळलो.

तिथं जमलेल्यांना मी जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. झोपेतून उठलेल्या लेकराचं पोट दुखतंय, पापण्या जड होताहेत, बोलणं अडखळतंय, तर साप दिसला नसला, डंख दिसला नसला तरी थांबू नका. मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा. वीज कुणा बाबाची नसते. ती त्या लेकराच्या मेंदूत जळत असते, आणि विझायच्या आत तिला श्वास हवा असतो. चमत्काराची वाट पाहत बसायला तिच्याकडे वेळ नसतो.