शीर्षकशुद्धी आणि दुमडलेले वडील

माणसाने अग्नी आटोक्यात आणला, चाक शोधलं, आणि त्यानंतरचं तिसरं मोठं काम म्हणजे आमच्या समितीने केलेली वर्ज्य शब्दांची यादी, असं माझं नम्र मत आहे. मंगळवारी सकाळी अकरा वाजता मी हे मत मोठ्याने मांडलं, तेव्हा ऐकायला फक्त माझे वडील होते आणि ते पलंगात दुमडलेले होते.

दुमडलेले म्हणजे अक्षरशः. खुब्याच्या ऑपरेशननंतर बाबांसाठी विजेवर चालणारा पलंग आणला होता. रिमोटवर चार बटणं : डोकं वर, डोकं खाली, पाय वर, पाय खाली. बाबांनी आधी डोक्याची बाजू उचलली. मग पायाची बोटं दिसेनात म्हणून पायांचीही उचलली. पलंगाने दोन्ही आज्ञा मनापासून पाळल्या आणि टोकाला जाऊन संप पुकारला. मध्ये खड्डा, खड्ड्यात बाबा, आणि गुडघे नाकापासून वीतभर.

"कसं वाटतंय बाबा?" मी विचारलं.

"पाकिटात घातल्यासारखं. पत्ता लिही आणि टाक पेटीत."

त्यांना उचलून बाहेर काढावं, तर डॉक्टरांची सक्त ताकीद होती की खुबा जुळेपर्यंत हे काम शिकलेल्या दोन माणसांशिवाय हात लावायचा नाही. घरात मी आणि बायको. दोघांचं मिळून वय एकशे बत्तीस, आणि चार गुडघ्यांपैकी धड एक, तोही तिचा. म्हणजे पलंग सपाट होईल तेव्हाच बाबा सुटतील. ते थट्टा करत होते खरे, पण टाक्यांची बाजू हाताने दाबून धरली होती आणि दर वाक्यागणिक आवाज बारीक होत चालला होता.

कंपनीला फोन लावला. ध्वनिमुद्रित बाईंनी गोड आवाजात सांगितलं की मेकॅनिक गुरुवारी येईल, तोपर्यंत 'सोबत' या मदतमंचावर प्रश्न विचारावा.

माझी छाती इंचभर फुगली. 'सोबत'च्या शीर्षकशुद्धी समितीवर मी दोन वर्षं आहे! चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासल्यावर माणूस रिकामा बसत नाही. आम्ही येण्यापूर्वी मंचावर नुसता बाजार होता. 'मदत करा हो!!!', 'अर्जंट!!!', 'कोणीतरी सांगा!!!' असली शीर्षकं. आम्ही असे पोकळ शब्द वेचून काढले आणि गाळणीला, म्हणजे शीर्षकं आपोआप तपासणाऱ्या मंचाच्या यंत्रणेला दिले. एकट्या माझे तीनशे चाळीस. पुढे गाळणीला स्वतःचं डोकं असावं असं मीच सुचवलं. जो शब्द तीन अनुत्तरित प्रश्नांच्या शीर्षकांत सापडेल, तो तिने आपला आपण यादीत टाकावा. ज्या शब्दाला कोणी उत्तर देत नाही त्याची लायकी ती काय, असा माझा मुद्दा होता. टाळ्या पडल्या होत्या.

"भाषण पुरे. टाइप करते मी," बायको म्हणाली. तिने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे. तिला उत्तराशी मतलब असतो.

तिने शीर्षक लिहिलं : 'मदत हवी, वडील पलंगात अडकले'.

गाळणी म्हणाली : 'पाचपैकी पाच शब्द वर्ज्य.'

"अहो, वडील का वर्ज्य?"

"तीनदा उत्तर मिळालं नसेल."

"मुलगा समितीवर असला की कसं मिळणार?" खड्ड्यातून आवाज आला.

बायकोने पुन्हा लिहिलं : 'विजेवरचा बिछाना सपाट होत नाही'. गाळणी म्हणाली : 'नकारार्थी सूर टाळा.' बायकोने दात खाऊन 'होत नाही' पुसलं आणि 'होतो' लिहिलं. गाळणी म्हणाली : 'अभिनंदन! पण हा प्रश्न नाही.' मग तिने शेवटी 'का' जोडला. गाळणी म्हणाली : 'का' वर्ज्य.

बायकोने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "प्रश्नांच्या मंचावर 'का' कोणी बंद केला?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. "एकमताने झाला होता तो ठराव."

"बरं, शीर्षक राहू दे, खाली दोन शब्द समजावून तरी लिहिते."

"तेही जमणार नाही. शीर्षक पास झाल्याशिवाय खालची चौकट उघडतच नाही. तीही आमचीच सुधारणा आहे."

"सूनबाई," बाबा म्हणाले, "हा लहानपणी कपाटात लपायचा ना, तेव्हा बाहेरून कडी लावायला हवी होती."

हसता हसता त्यांना कळ आली. डोळे मिटून ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. बाबा बोलत नाहीत म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

बायकोने सरळ गणित मांडलं. "सगळ्यात जास्त उत्तरं कुठल्या शब्दाला मिळतात?"

"मांजर," मी म्हणालो. आकडेवारी मला पाठ होती.

तिने लिहिलं : 'आमचं गोड मांजर'. हिरवी खूण आली, चौकट उघडली, आणि तिने खाली खरं ते सगळं लिहिलं : पलंग, खुबा, वय अठ्ठ्याऐंशी, अकरा वाजल्यापासून अडकलेत, खाली कसं आणू?

दहा मिनिटांत एकतीस उत्तरं. 'मांजराचा फोटो कुठे आहे?' 'आमचंही असंच दुमडून झोपतं, काळजी नको.' 'अठ्ठ्याऐंशी वर्षांचं मांजर! खायला काय देता?' एका गृहस्थाने तर नावंच सुचवली होती, सोळा. मजकूर वाचायची वाईट सवय कोणालाच नव्हती.

तेवढ्यात माझा फोन किणकिणला. मंगळवारी प्रश्न तपासायची पाळी माझी. 'शीर्षकात मांजर आहे, मजकुरात नाही. निर्णय घ्या.'

आता सांगायला लाज वाटते, पण चौतीस वर्षांचा हात. चूक दिसली की तो डोक्याला विचारत नाही. मी 'काढून टाका' दाबलं.

"अहो! काय केलंत हे?"

"चुकीचं होतं गं ते."

"काय चुकीचं होतं?"

"मांजर."

"शाब्बास," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "निदान शुद्ध भाषेत जाईन."

"आणा परत!" बायको असं ओरडली की शाळेतला अख्खा वर्ग उभा राहिला असता. मी चाचरत सांगितलं, काढलेला प्रश्न गाळात जातो. तो परत आणायला तीन सदस्यांच्या सह्या लागतात आणि पुढची बैठक शनिवारी आहे. तिने माझ्या हातातला फोन ओढला आणि गाळ उघडला. दोन वर्षांत तिथे मी एकदाही डोकावलो नव्हतो. गाळात काय बघायचं?

आमचा प्रश्न वरच पडला होता. आणि त्याच्याखाली उत्तर होतं.

उत्तर देणारीने नाव लावलं होतं 'वॉर्ड सात'. हे नाव मी ओळखत होतो. इस्पितळातून निवृत्त झालेली सिस्टर. अकरा शीर्षकांत 'तातडीने' लिहिलं म्हणून मीच तिचं खातं बंद केलं होतं. बंद खात्याच्या माणसाला फक्त गाळात लिहिता येतं, कारण तिथे त्याचा कोणाला उपद्रव होत नाही. काढलेले प्रश्न आणि काढलेली माणसं, दोघांची सोय आम्ही एकाच ठिकाणी केली होती. खाली बघत गेलो. नळवाले, वायरमन, कंपाउंडर, शिलाईवाल्या बायका. शेकडो प्रश्न, आणि जवळजवळ प्रत्येकाखाली उत्तर. गाळणीच्या लेखी अर्थात हे सगळे अनुत्तरित.

'आजोबा बोलतायत ना?' वॉर्ड सातने विचारलं होतं.

'मघापर्यंत टोमणे मारत होते,' बायकोने लिहिलं.

'मग वेळ गेलेली नाही. प्लग काढू नका. डोकं खाली आणि पाय खाली ही दोन्ही बटणं एकदम दाबा, वीस आकडे मोजा. टिक वाजलं की सोडा. मग आधी पाय, नंतर डोकं, थांबत थांबत. कमरेला एक हात लावून ठेवा.'

बायकोने बटणं दाबली, मी मोजलं. अठराला टिक वाजलं. पलंग घुरघुरला आणि इंचाइंचाने उलगडू लागला. गुडघे नाकापासून दूर गेले, खड्डा भरून आला, बाबांचे ओठ पुन्हा ओठांच्या रंगाचे झाले. त्यांनी लांब श्वास सोडला. बायको स्टुलावर बसली आणि चष्मा पुसायला लागली, जरा जास्तच वेळ.

मी वॉर्ड सातला लिहिलं, 'मनापासून आभार.'

'आभार वर्ज्य आहे,' तिचं उत्तर आलं. 'सांभाळून.'

मला भरून आलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिलो आणि जाहीर केलं की आजपासून ती यादी मी मोडीत काढणार. शनिवारी सगळ्यांसमोर चूक कबूल करणार. वॉर्ड सातचं खातं सन्मानाने उघडणार. तिच्यासारखी माणसं आणि त्यांचे प्रश्न गाळातून काढून दर्शनी पानावर बसवणार. शब्द माणसासाठी असतात, माणूस शब्दांसाठी नसतो, असं काहीतरी म्हणताना माझा आवाजही थोडा कापला.

बाबांनी एक डोळा उघडला.

"ते सगळं कर सावकाश. आधी डोक्याची बाजू जरा वर घे बघू. एवढं सपाट कोणी झोपतं का?"