आजोबांची बंदूक मला बसेना

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी दुपारी बाराला आमच्या साउथ डकोटात फेझंटची, म्हणजे रानकोंबड्यासारख्या पाखराची, शिकार खुली होते. त्या दिवशी शाळेतल्या शिक्षकांपासून बँकेच्या साहेबांपर्यंत सगळे मक्याच्या शेतात असतात. मी सात वर्षांची असल्यापासून त्या शेतात चालत आले आहे, पण रिकाम्या हातांनी. ओळींमधून आवाज करत चालायचं, पाखरं पुढे हाकायची, शेताच्या टोकाला उभ्या असलेल्या बाबांनी आणि ड्वेनने ती पाडायची, आणि संध्याकाळी गोठ्याच्या दाराशी बसून मी ती सोलायची. असं सत्तावीस वर्षं चाललं.

त्या ऑगस्टमध्ये, एका रविवारी जेवताना, मी म्हटलं, "यंदा मी बंदूक घेणार आहे."

माझा थोरला भाऊ ड्वेन बटाट्यांचं भांडं पुढे ओढत होता. तो म्हणाला, "कुणाला मारायचंय?"

"फेझंट."

"मग हाकायला कोण जाणार?"

बाबा जेवत राहिले. त्यांचं नाव एमिल पेचाचेक, आणि एमिल पेचाचेक जेवताना बोलत नाहीत हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

पुढच्या शनिवारी मी तालुक्याच्या गावातल्या बंदुकीच्या दुकानात गेले. ड्वेनही आला, मी बोलावलं नव्हतं तरी. गल्ल्यावरच्या माणसाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि ड्वेनला विचारलं, "काय दाखवू साहेब?"

"मला हवी आहे," मी म्हटलं.

"हो का? मग हलकीच दाखवतो." त्याने एक आखूड बंदूक काढून ड्वेनच्या हातात दिली. ड्वेनने ती खांद्याला लावून बघितली, नळीतून छताकडे डोकावला आणि म्हणाला, "हिला चालेल." मी अजून तिला हातही लावला नव्हता. दोघं मग अर्धा तास बोलत राहिले, बारा बोअरची मोठी बरी की वीसची लहान, नळी किती लांब असावी, स्वयंचलित घ्यावी की हाताने सरकवायची. मी दोनदा मध्ये बोलले. दुसऱ्यांदा तो माणूस म्हणाला, "ताई, धक्का बसतो हं, मोठीला." मी रोज धान्याच्या कोठारावर ट्रकचं वजन करते, रिकाम्या ट्रकच्या मागच्या फळ्या एकटीने उचलते. पण तिथे ते सांगण्यात अर्थ नव्हता. मी गाडीत जाऊन बसले.

घरी आलो तेव्हा बाबा स्वयंपाकघरात उभे होते. टेबलावर जुन्या फ्लॅनेलच्या शर्टात काहीतरी लांबट गुंडाळलेलं होतं. त्यांनी शर्ट बाजूला केला. आजोबांची बारा बोअर, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, हाताच्या घामाने काळा पडलेला. दहा वर्षांपूर्वी ड्वेनने ती मागितली होती. बाबांनी नुसतं कपाट बंद केलं होतं.

"घे," बाबा म्हणाले. "दुकानात कशाला जायचं."

ड्वेनचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी दाखवलं नाही. वाटलं, झालं, प्रश्न मिटला.

प्रश्न तिथे सुरू झाला. गावाबाहेर मातीच्या चकत्या उडवून नेम धरायचं मैदान आहे. पहिल्या दिवशी मी पंचवीस चकत्यांवर बार काढले आणि दोन फुटल्या. दुसऱ्या दिवशी एक. दस्ता माझ्या हाताला इतका लांब होता की गाल त्यावर ठेवायचा तर मान ताणावी लागे. प्रत्येक बार काढताना तो गालावर आपटे. आठवड्याभरात गाल निळा झाला. कोठारावर ट्रकवाले विचारायचे, कुणाशी भांडलीस?

"मान खाली घे," ड्वेन मागून सांगायचा. "पुढे वाक. चकतीच्या पुढे मार. एवढ्याही पुढे नाही." मग स्वतःशीच म्हटल्यासारखं, पण मला ऐकू जाईल असं, "चकत्या निवांत फिरतायत. कोण आलंय ते त्यांना कळलंय."

सप्टेंबर संपत आला. मी दर संध्याकाळी जात होते आणि दर संध्याकाळी तशीच परत येत होते. सगळ्यात जास्त त्रास याचा व्हायचा की चूक कुठे होतेय ते कळत नव्हतं. पाव बिघडला तर कळतं, यीस्ट जुनं होतं की भट्टी थंड होती. इथे मी सगळं सांगितल्यासारखं करत होते आणि चकती आख्खीच्या आख्खी गवतात जाऊन पडत होती. एकदा रागाने मी बंदूक मातीवर ठेवली. बाबा त्या दिवशी आले होते. ते पुढे आले, बंदूक उचलली, बाहीने पुसली आणि परत माझ्या हातात दिली. त्यापेक्षा त्यांनी रागावलेलं परवडलं असतं.

शेवटी मी दस्ता कापून मिळेल का ते विचारायला हॉफरकडे गेले. हॉफर हा म्हातारा ट्रॅक्टरच्या गॅरेजमागे बंदुका दुरुस्त करतो. त्याने बंदूक ओळखली.

"तुझ्या आजोबांची, योसेफची ना ही? कापायची? एमिलला विचारलंस?"

"नाही."

त्याने बंदूक बाकावर आडवी ठेवली. "आधी मला सांग, नेम कसा धरतेस?"

मी दाखवलं. त्याने माझ्या चेहऱ्यासमोर येऊन बघितलं आणि म्हणाला, "दोन्ही हात लांब कर. तळव्यांच्या मधे छोटी खिडकी ठेव. त्यातून ते भिंतीवरचं घड्याळ बघ. आता उजवा डोळा मिट."

"दिसतंय."

"उजवा उघड, डावा मिट."

घड्याळ गेलं. खिडकीत नुसती भिंत होती.

"तुझा डावा डोळा मालक आहे," हॉफर म्हणाला. "उजव्या खांद्यावरून मारतेस आणि नेम डावा डोळा धरतो. जन्मभर चुकशील. डाव्या खांद्याला लाव."

मी आजोबांची बंदूक डाव्या खांद्याला लावली. त्याने मान हलवली. "हिची रिकामी काडतुसं उजवीकडे उडतात. डावीकडून मारलंस की नाकासमोरून जातील. शिवाय लांबी आहेच. ही तुझी बंदूक नाही, मार्लिस."

दोन महिने. दोन महिने गाल फोडून घेतला, टोमणे खाल्ले, आणि कुणी एकदाही माझ्या डोळ्यांकडे बघितलं नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं. मला भिंतीवरचं घड्याळ फेकून द्यावंसं वाटलं.

हॉफरकडे विकायला आलेली एक दुनळी होती, वीस बोअर, नळ्या एकावर एक. मधून उघडायची, दोन काडतुसं घालायची, बंद करायची. डावं-उजवं तिला सारखंच. दस्ता त्याने बोटभर कापून दिला.

घरी जाऊन आजोबांची बंदूक मी बाबांच्या समोर ठेवली आणि डोळ्याचं सगळं सांगितलं.

"आमच्या घरात कुणाचा डोळा डावा नाही," बाबा म्हणाले.

"माझा आहे."

"दस्ता कापून घे मग."

"नुसत्या दस्त्याने भागत नाही बाबा. आणि तिला करवत लागू देणार नाही मी."

त्यांनी बंदूक शर्टात गुंडाळली. बाह्यांची गाठ बांधली, सोडली, परत बांधली. मी तिथेच उभी होते. ड्वेन म्हणाला, "मग मला..." बाबांनी कपाट बंद केलं.

शिकार खुली झाली त्या शनिवारी बारा वाजता आम्ही मक्यात उतरलो. माझ्या हातात दुनळी होती, आणि डाव्या खांद्याची दोन आठवड्यांची सवय. एक नर माझ्या पायाजवळून फडफडत वर उडाला, गळ्यातलं पांढरं कडं दिसावं इतका जवळून. मी सवयीने बंदूक उजवीकडे नेली, मग डावीकडे आणली, आणि तेवढ्यात शेजारच्या ओळीतून बार झाला. पाखरू पडलं.

"तो माझा होता," मी म्हटलं.

"तू मारणार नव्हतीस," ड्वेन म्हणाला.

त्या दिवशी मी चार बार काढले, चारही फुकट. संध्याकाळी गोठ्यापाशी सहा पाखरं पडली होती. मी हात धुतले आणि घरात गेले.

"सोलायची कुणी?" ड्वेन दारातून ओरडला.

"मारली त्यांनी."

त्या वर्षी पाखरं ड्वेनने सोलली, आणि आमच्या घरी सगळ्यांत पिसं राहिली.

त्यानंतर मी त्यांच्याबरोबर गेले नाही. रविवारी सकाळी प्रार्थना झाली की आमची कुत्री टिली आणि मी ओढ्याकाठच्या पाणगवतात जायचो. तीन रविवार काहीच नाही. तिसऱ्या रविवारी मी तिलाही ओरडले, तिची काही चूक नसताना. चौथ्या रविवारी जमीन गोठली होती. टिली थबकली, गवतातून नर उठला आणि वाऱ्यावर लांब निघाला. बंदूक आपली आपण डाव्या खांद्याला आली. दुसऱ्या बाराला तो खाली आला.

मी तो स्वयंपाकघरात टेबलावर ठेवला. बाबांनी त्याचा पाय हातात घेऊन मागचा, वयाबरोबर वाढणारा काटा अंगठ्याने चाचपला.

"जुना आहे," ते म्हणाले. "दोन वर्षांचा."

मग त्यांनी पहिल्यांदा माझी बंदूक मागितली. उघडली, रिकामी असल्याची खात्री केली, खांद्याला लावली. उजव्या.

"हलकी आहे," ते म्हणाले. त्यांच्या लेखी हा दोष होता.

"मला बसते."

त्यांनी ती भिंतीशी टेकवून ठेवली आणि पाखरू माझ्याकडे सरकवलं. "सहा नंबरचे छर्रे वापरलेस?"

"हो."

"पाचचे घे, ते जड असतात. आता पाखरं लांबून उडतात."