जपानी खेळातला ओकाय

कोर्कोरआई दुकानात आली तेव्हा सोवा एका नवरदेवाच्या फोटोमागचा गोठा काढून तिथे निळा पडदा लावत होता. संगणकावर, अर्थातच. घानातल्या तेशी या किनाऱ्यावरच्या गावात कुणाला पासपोर्टचा फोटो हवा असो, शाळेचा अर्ज टाइप करून हवा असो, नाहीतर मेलेल्याचं पोस्टर हवं असो, सगळे सोवाकडेच येत. कोर्कोरआईने केंकीचा, तिच्या चुलीवरच्या आंबवलेल्या मक्याच्या गोळ्यांचा, गरम पुडा टेबलावर ठेवला आणि नवरदेव जाईपर्यंत बाकावर गप्प बसून राहिली. ही बाई गप्प बसली म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे सोवा लहानपणापासून ओळखून होता.

नवरदेव गेला. तिने कमरेच्या कापडाची गाठ सोडली आणि आतून एक करडं, आगपेटीएवढं प्लास्टिकचं कार्ड काढून त्याच्यापुढे धरलं.

"हे घे. तुला देऊ नको म्हणून बजावून गेला होता. 'सोवाच्या हातात पडलं तर माझा अख्खा संघ पुसून टाकेल,' म्हणाला."

सोवाने कार्ड हातात घेतलं. पाठीवर खिळ्याने कोरलेला वेडावाकडा गोल. ती तिच्या मुलाची, ओकायची खूण होती. खेळात जे जे जिंकलं ते साठवून ठेवणारं कार्ड. हे कार्ड सोवाने किती वर्षं शोधलं होतं! आणि ते चार पावलांवर, म्हातारीच्या कमरेला होतं.

"मग आता का देतेस?"

"शनिवारी बैठक आहे." ती म्हणाली. "माझे थोरले दीर, अता बोर्केते, म्हणतात की ढोलबंदी लागायच्या आत ओकायचं मरणाचं कार्य उरकून घेऊ. एकदा बंदी लागली की सण होईपर्यंत ना ढोल ना रडणं. म्हणतात, किती वर्षं टांगून ठेवायचं त्याला? सुताराला पेटीचा आकार सांगायचाय."

तेशीत साध्या पेटीतून कुणी जात नाही. कोळी माशात बसून जातो, ड्रायव्हर बसमध्ये, कांदेवाली कांद्यात. जो जसा जगला तशी त्याची शवपेटी. ओकायची पेटी तर रिकामीच जाणार होती, पण म्हणून आकार चुकवून कसं चालेल?

"काय म्हणतात ते?"

"विमान म्हणतात!" कोर्कोरआईचा आवाज चढला. "त्याला युरोपला जायचं होतं ना, म्हणून विमान. अरे मेल्यांनो, ज्याला विमान मिळालं असतं तो वाळवंट तुडवत लिबियात कशाला गेला असता? मी म्हटलं, आधी मला त्याला बघू द्या, मग सांगते. कार्य करायचं की नाही ते पण मीच सांगेन, आकार पण मीच." तिने संगणकाकडे हनुवटी उडवली. "तुझ्या या डब्यात तुमचा तो जुना खेळ चालतो म्हणे. आणि त्या खेळात तो आहे. आहे ना?"

"आहे," सोवा म्हणाला. "शुक्रवारी दुपारी ये."

ती गेल्यावर तो केंकीच्या पुड्याकडे बघत बसला. खरं सांगायचं तर त्याला हे कार्य व्हायला नको होतं. बाकी कुणाला काय वाटतं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याला ओकाय हवा होता. लग्न झालं, दोन मुली झाल्या, पोट सुटलं, तरी संध्याकाळी दुकान आवरल्यावर तो संगणकावर जुने खेळ लावून बसे आणि खेळायला एक पॅड पुरत असलं तरी दुसरं हटकून जोडून ठेवी. बायको म्हणायची, "त्या दुसऱ्या पॅडला जेवायला पण वाढू का?" तो हसण्यावारी न्यायचा. पण लिबियाच्या किनाऱ्यावरून, होडीत बसताना, ओकायचा शेवटचा फोन त्यालाच आला होता. मागे समुद्राचा आवाज येत होता आणि ओकाय ओरडून म्हणाला होता, "माझी जागा धरून ठेव रे!" पुढे त्या होडीचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. एक जण म्हणाला बुडाली, एक जण म्हणाला पकडली. सोवाने जागा धरून ठेवली होती.

म्हाताऱ्या आईने मुलाला हिरव्या मैदानावर धावताना बघितलं, गोल मारताना बघितलं, तर ती त्याला पुरायला कशी तयार होईल? होणार नाही. सोवाने मनाशी हिशोब पक्का केला आणि कामाला लागला.

पूर्वी कोर्कोरआईच्या चुलीला लागूनच सोवा आणि ओकाय या दोघांचं लाकडी खोक्यातलं गेम सेंटर होतं. एक टीव्ही, एक खेळयंत्र, आणि एक बाक, ज्यावर पाच मावत आणि अकरा बसत. नियम एकच: जिंकेल तो बसून राहील, हरेल तो पॅड खाली ठेवून सगळ्यांसाठी केंकी आणायला जाईल. खेळ फुटबॉलचा आणि तोही जपानी. कुठल्या बोटीतून ती तबकडी आली देव जाणे. सगळ्या पाट्या जपानीत, समालोचन करणारा बाबाही जपानी. तिथे इंग्रजी वाचायची मारामार, जपानी कोण वाचतो! पण हात वाचायचे. वरून तिसरी ओळ, मग गोल बटण. मग खाली दोन, पुन्हा गोल. गोल म्हणजे हो, फुली म्हणजे नाही. एवढ्या शिदोरीवर पोरांनी अख्खा खेळ पालथा घातला होता. ओकायने तर एका धुळीच्या मोसमात त्यात तेशीचा संघच बनवला. पाद्री, न्हावी, मासे मोजणारा कारकून, सगळ्यांना जर्सी घालून मैदानात उतरवलं.

आता ते खेळयंत्र उरलं नव्हतं. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने त्याची हाडं कधीच खाल्ली होती. पण संगणकाला त्या यंत्राचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम सोवाकडे होता. एम्युलेटर म्हणतात त्याला. सोंग असं बेमालूम, की खेळालाच कळत नाही आपण दुसऱ्याच्या घरात आहोत. कार्ड वाचणारं छोटं यंत्र त्याने राजधानी अक्र्याहून मागवून घेतलं, आतलं सगळं संगणकात उतरवलं, आणि घोडं तिथेच अडलं. त्याच्याकडचा खेळ इंग्रजी होता. तो ओकायच्या कार्डाला ओळख दाखवेना. मग जपानी प्रत शोधली. ती सुरू झाली तर हात दगा द्यायला लागले. इंग्रजी प्रतीत फुली म्हणजे हो असतं, आणि इतक्या वर्षांत बोटांना तेच वळण लागलेलं. जपानीत नेमकं उलटं. पडद्यावर काहीतरी प्रश्न यायचा, सोवाची बोटं एक म्हणायची, डोकं दुसरं. एकदा तर संघ पुसता पुसता राहिला. ओकाय बघत असता तर म्हणाला असता, सांगितलं होतं ना आईला!

शुक्रवारी कोर्कोरआई चर्चला जायची चांगली निळी साडीचोळी... छे, साडी कसली, तिचं ते निळं दोन तुकड्यांचं कापड नेसून आली. डोक्याला कडक बांधणी, कानांत मोठ्या रिंगा. मुलाला भेटायला आली होती ती. सोवाने दाराला कडी घातली आणि खेळ लावला.

शिट्टी वाजली आणि पाठोपाठ तो जपानी बाबा ओरडू लागला. कोर्कोरआईने तोंडावर हात ठेवला.

"हाच! हाच तो मेला!" ती हसता हसता खोकायला लागली. "दिवसभर माझं पीठ ढवळताना हा कानाशी बोंबलायचा. मी म्हणायची, याला घरदार आहे की नाही? आणि हा ओरडला की मागोमाग माझा ओरडायचा." मग ती थांबली. तिचे कान पुढचा आवाज येईल म्हणून वाट बघत होते. तो आला नाही. "चालू दे," ती म्हणाली.

"हा बघ गोलकीपर, आपला पाद्री."

"एवढा बारीक?"

"खेळातच तेवढा जाडा माणूस मिळत नाही. आणि हा नऊ नंबर. बघ."

पिवळे केस, नारिंगी बूट, लांबलचक पाय. कोर्कोरआई पुढे सरकली. नाक पडद्याला लागेल इतकी पुढे.

"एवढा उंच कधी होता तो?"

"वीतभर उंची वाढवून घेतली त्याने. स्वतःच बनवायचं म्हटल्यावर कोण कंजूषपणा करतो?"

"आणि केस?"

"तू रंगवू देत नव्हतीस ना."

ती नुसतं बोट लावून त्या पिवळ्या ठिपक्याच्या मागे मागे जात राहिली. सोवाने चेंडू ओकायला दिला. तो पळाला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं. सोवाने एक कळ दाबली आणि सगळं मैदान जागच्या जागी थबकलं. ओकायचा एक पाय हवेत होता.

"बघ आई, जुन्या यंत्रात हे नव्हतं. याला असंच ठेवता येतं. उद्या आलीस तरी इथेच असेल. परवा आलीस तरी."

ती बराच वेळ बघत राहिली. सोवाला वाटलं, जिंकलो.

"नको," ती म्हणाली. "श्वास कोंडल्यासारखा दिसतोय. पळू दे त्याला."

सोवाने कळ सोडली. घाईत त्याने चेंडू घालवला. समोरच्यांनी हल्ला केला. आणि तेशीचे बाकीचे पुढचे गडी पुढेच रेंगाळत राहिले, पण ओकाय एकटा वळला आणि अख्खं मैदान कापत मागे पळत सुटला.

"हा कुठे चालला?"

सोवाला हसू आलं. "अगं, ती त्याची फजिती आहे. स्वतःला पुढे गोल मारायला ठेवायचं होतं त्याला. पण यादी जपानीत. वरून कितवी ओळ ते चुकला आणि स्वभाव निवडला मागच्या राखणदाराचा. उभा पुढे राहायचा आणि चेंडू गेला रे गेला की हा पठ्ठ्या धावत आपल्या गोलपाशी! सगळे हसायचे त्याला. नंतर बदलायचा म्हटलं, तर ती ओळ पुन्हा कुणाला सापडली नाही."

"तिकडे आपली बाजू?"

"हो. आपली."

"ते खेळणं खाली ठेव बघू," ती म्हणाली. "हात लावू नकोस. मला त्याचा तो काय करतो ते बघायचंय."

सोवाने पॅड मांडीवरून काढून टेबलावर ठेवलं. मैदानावर तेशीचा संघ आपला आपण खेळू लागला, जसा जमेल तसा. ओकाय पुढे जायचा. चेंडू जायचा. ओकाय वळायचा आणि पळत मागे यायचा. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. दमला तरी यायचा. पाय ओढत, मान खाली घालून, पण यायचाच. जपानी बाबा कशावर तरी खूश होऊन ओरडत होता. कोर्कोरआईच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती.

"बघितलंस?" ती हळूच म्हणाली.

"आई, ती चूक आहे. संगणक आहे हा. त्याने ओळ चुकीची निवडली एवढंच—"

"मला शिकवू नकोस. मला कळतं काय खरं आणि काय खोटं. पण माझा पोरगा तुझ्या डब्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे. लहानपणी समुद्रावर जायचा, भूक लागली की धावत यायचा. शाळेत मार खाल्ला की धावत यायचा. कुठेही गेला तरी आला रे." तिने डोळ्यांना पदरासारखं कापड लावलं. "पाय उरले असते त्याला, तर तो आला असता, सोवा. इतकी वर्षं तो येत नाही याचा अर्थ एकच. मला ठाऊक होता. मी तो बघायला घाबरत होते."

 सोवाने ओकायला आईपुढे उभं केलं होतं ते त्याला वाचवायला. आणि तिने त्याला नीट बघून घेतलं होतं, आई बघते तसं. त्याला तिचा राग आला. मग वाटलं, एवढी वर्षं आपण खेळत होतो, आणि ही एकटी वाट बघत होती. मग राग गेला आणि नुसतं पोकळ वाटत राहिलं.

सामना संपला. हरले तेशीवाले.

कोर्कोरआई उठली. कापडाचे दोन्ही पदर झटकून नीट खोचले, डोक्याची बांधणी चाचपली. दाराशी जाऊन तिने कडी काढली आणि वळली.

"बैठकीला तू माझ्या बाजूला बसायचंस. ओकायचा भाऊ म्हणून. अता बोर्केतेने डोळे वटारले तरी उठायचं नाही."

"बसेन."

"आणि आत्ता जाताना सुताराकडे जा. विमान नको म्हणावं. बूट कर म्हणावं, खेळायचा. नारिंगी." तिचा आवाज तिथे मोडला, पण तिने वाक्य पुरं केलं. "आणि मोठा कर. वीतभर मोठा."