घरचं माणूस

“श्वास घ्यायला शिकवतात म्हणे,” चहा गाळणाऱ्या वैशालीच्या अगदी कानाशी येऊन कमळाबाई पुटपुटल्या. “तेही जमिनीवर उताणं झोपवून. एवढ्या लांब नेऊन पोरीला झोपवायचंच होतं, तर ती इथं काय वाईट झोपत होती?”

“आक्का, हळू. हे ऐकतील.”

“ऐकू दे. माझाच भाऊ आहे तो.”

वैशालीने तीन कप काठोकाठ भरले. चौथा कप नव्हता. त्याच्या जागी स्टीलचा उंच पेला होता आणि त्यात तिने निम्म्यापर्यंतच चहा ओतला. कमळाबाईंनी ते पाहिलं. पाहिलं नाही असं दाखवायला त्यांनी ट्रेमधलं एक बिस्किट उचलून तोंडात टाकलं.

बाहेरच्या खोलीत नील टीव्हीच्या मागे डोकं घालून बसला होता. त्याच्या बहिणीने, सुमेधाने, लंडनहून लिंक पाठवली होती. नाटकाच्या शाळेतलं तिचं पहिलं वर्ष संपत आलं होतं आणि वर्षअखेरच्या प्रयोगाचं चित्रण घरच्यांना बघायला मिळणार होतं. फोनवर कुणी किती बघणार, म्हणून नीलने टीव्हीला जोडायचा घाट घातला होता आणि मघापासून पडद्यावर फक्त निळा रंग दिसत होता.

राजरत्न जेवणाच्या टेबलापाशी इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. रविवारच्या दुपारी, स्वतःच्या घरात, टीव्ही बघायला.

“ती काय तुम्हाला बघणार आहे का तिकडून?” वैशालीने सकाळीच विचारलं होतं.

“तिला नाही दिसणार. मला दिसणार आहे ना ती,” ते म्हणाले होते. 

नील टीव्हीमागून उठला आणि रिमोट शोधता शोधता वडिलांच्या उजव्या बाहीचं उघडं राहिलेलं बटण लावून गेला. भिंतीवरची तसबीर जाता जाता कुणी सरळ करावी, तितक्या सहज. 

या घरात आता असंच चालत असे. मागच्या वर्षी जानेवारीच्या थंडीत कधीतरी राजरत्नांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी अंगठा, मग सगळा पंजा. कपबशी वाजायला लागली तेव्हा वैशालीने बशी काढून टाकली. मग कपाच्या जागी पेला आला. नीलने वाढदिवसाला दाढीचं मशीन आणलं आणि हल्ली सगळे हेच वापरतात म्हणाला. “अशक्तपणा असेल, शेवग्याची भाजी करत जा,” असं कमळाबाई एकदा म्हणाल्या, आणि त्यानंतर त्यांनीही तो विषय काढला नाही. यंदा एप्रिलमध्ये जयंतीचा फलकही राजरत्नांनी लिहिला नाही. करी रोडची ही जागा चाळ होती तेव्हापासून, आणि चाळ पाडून टॉवर झाला त्यानंतरही, खालच्या फलकावर खडूने लिहायचं ते त्यांनीच. त्यांचं अक्षर बघायला शेजारच्या इमारतीतली माणसं यायची. “आता पोरांना लिहू दे,” ते म्हणाले. कमिटीने लगेच माना डोलावल्या. जरा जास्तच लगेच.

वैशालीला कळत नव्हतं असं नाही. पण तोंडातून शब्द निघाला की डॉक्टर आला, डॉक्टर आला की त्या थरथरीला नाव आलं, आणि नाव आलं की ते फोनवरून सुमेधापर्यंत जाणार. ती पोर कशी आहे हे वैशालीला पक्कं ठाऊक होतं. आजी दवाखान्यात होती तेव्हा एकांकिका स्पर्धेची अंतिम फेरी सोडून ती रंग पुसत पुसत परळला धावत आली होती. आता आली तर जागाही जाईल आणि शिष्यवृत्तीही, परत मिळायची नाही. अजून दोन वर्षं काढायची होती. तेवढी निघाली की बघू, असं वैशालीने स्वतःशी ठरवलं होतं. राजरत्नांनीही ठरवलं असावं. त्यांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर ते फोन डाव्या हातात धरत आणि उजवा मांडीखाली दाबून बसत. सुमेधाला यातलं काही माहीत नव्हतं. निदान वैशाली तसं धरून चालली होती.

“लागलं!” नील ओरडला.

पडद्यावर एक रिकामी खोली आणि तिच्यात एक खुर्ची दिसली.

“सामान नाही आणलं वाटतं अजून,” कमळाबाई म्हणाल्या.

“आत्या, एवढंच असतं. प्रत्येकाने आपल्या घरातलं एक माणूस करून दाखवायचं. वेश नाही, सामान नाही. एकट्याने. इंग्लिशमध्ये.”

“घरातलं माणूस आणि इंग्लिशमध्ये?”

हाच प्रश्न वैशालीनेही विचारला होता. सुमेधाचं इंग्रजी टीव्हीवरच्या बातम्या ऐकून ऐकून घासलेलं. तिथे गेल्यावर पहिल्याच महिन्यात तिच्या बाई तिला म्हणाल्या, हे कोण बोलतंय? तू कुठे आहेस? सुमेधा फोनवर रडली होती.

“म्हणजे आता चुकीचं बोलायचं का?” वैशाली गोंधळून म्हणाली होती.

“चुकीचं नाही गं आई. आपलं बोलायचं.”

“आपलं तर मराठी.”

“तेच तर,” सुमेधा म्हणाली होती, आणि नाक पुसून हसली होती.

पडद्यावर सुमेधा आली. काळी पँट, काळा सदरा, केस मागे घट्ट बांधलेले. कुणाकडे न बघता ती खुर्चीपाशी गेली, खुर्ची दोन बोटांनी जराशी मागे सरकवली, बसण्याआधी पँट गुडघ्यांपाशी किंचित वर ओढली आणि पाठ टेकवून बसली नाही, ताठ बसली.

“अगो बाय,” कमळाबाई म्हणाल्या, “हा तर आपला राजा.”

ती अजून एक अक्षर बोलली नव्हती.

राजरत्न पुढे झुकले. वैशाली ट्रे हातात घेऊन तशीच उभी राहिली.

मग सुमेधा बोलायला लागली, आणि ते इंग्रजी वैशालीला समजलं. हे इंग्रजी तिच्या घरातलंच, राजरत्नांचं होतं. शब्दामागे शब्द, प्रत्येक शब्द पूर्ण, कुठेही घाई नाही, विमा कंपनीत आयुष्यभर पॉलिसीची कलमं तपासून तयार झालेलं. लंडनच्या प्रवेशासाठी सुमेधाला एका राणीचं भाषण पाठ करायचं होतं. याच टेबलाशी ती समोर बसायची आणि राजरत्न कागद धरून तपासायचे. राणीचं दुःख त्यांच्यापर्यंत कितपत पोचायचं कुणास ठाऊक, पण विरामचिन्ह सुटलेलं त्यांना चालत नसे.

पडद्यावरची सुमेधा हातातला नसलेला कागद डोळ्यांपासून लांब धरून समोरच्या नसलेल्या मुलीला म्हणाली, “हियर देअर इज फुलस्टॉप. यू आर नॉट स्टॉपिंग.”

तिकडची माणसं हसली.

“काय म्हणाली?”

“फुलस्टॉप आहे तिथे, तू थांबत नाहीस, म्हणाली.”

“मग बरोबरच आहे की,” कमळाबाई म्हणाल्या.

“यू आर क्वीन,” सुमेधा पुढे म्हणाली. “क्वीन इज नॉट इन हरी. पीपल आर वेटिंग फॉर क्वीन.”

पुन्हा हशा आला. राजरत्नही हसले, मोठ्याने, मान मागे टाकून. वैशालीने त्यांना असं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. “मी म्हणालो होतो हे,” ते नीलला म्हणाले, “असंच म्हणालो होतो.” आपलं वाक्य हजारो मैलांवरच्या लोकांना हसवतंय याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता. वैशालीलाही बरं वाटलं. ट्रे खाली ठेवावा म्हणून ती टेबलाकडे वळली.

तेव्हा पडद्यावरचा कागद फडफडला.

नव्हताच तो कागद. पण फडफडला. सुमेधाचा डावा हात अंगठ्यापासून थरथरायला लागला होता, बारीक, न थांबता. ती बोलायची थांबली. तिने त्या हाताकडे पाहिलं, रस्त्यात अनोळखी माणसाने हाक मारल्यावर बघावं तसं. मग कागद खाली, नसलेल्या टेबलावर सपाट ठेवला आणि तो सुरकुतलेला असावा तशी तळव्याने दाबून सारखा केला. समोरची मुलगी बघते आहे का, हे एकदा डोळे वर करून तपासलं. नाही बघत. मग हात अलगद मांडीखाली गेला आणि ती पहिल्यासारखी ताठ बसली.

तिकडे कुणी हसलं नाही. खोकलंही नाही.

“आता काय म्हणाली?” कमळाबाईंनी विचारलं.

“काही नाही बोलली आत्या.”

“मग ते का गप्प झाले?”

 नील रिमोटवरची बटणं बघत होता. वैशालीने ट्रे टेबलावर ठेवला. तिने राजरत्नांकडे बघायचं टाळलं. मग बघितलं. ते पडद्याकडे बघत होते, चष्मा जरा वर सरकवून, एखादं कलम दुसऱ्यांदा वाचताना बघत तसे.

पडद्यावरची सुमेधा म्हणाली, “अगेन. फ्रॉम द बिगिनिंग.”

खोली काळी झाली आणि टाळ्या सुरू झाल्या. बराच वेळ वाजत राहिल्या. शेवटी नीलने आवाज बंद केला.

मागच्या वर्षीची थंडी, वैशालीच्या मनात आलं. म्हणजे सुमेधा इथं असताना. म्हणजे सामान बांधताना, विमानतळावर पाया पडताना, त्यानंतर प्रत्येक रविवारी फोनवर.

“केस वाढवलेत वाटतं तिने,” कमळाबाई म्हणाल्या.

“हो,” नील म्हणाला.

“चहा गार झाला,” वैशाली म्हणाली. “परत करते.”

ती स्वयंपाकघरापर्यंत पोचायच्या आत फोन वाजला. सुमेधाच होती. नीलने फोन उचलला आणि स्क्रीनमध्ये सगळे मावावेत म्हणून हात लांब केला. तिकडे सकाळ होती. सुमेधाच्या तोंडावर झोप नव्हती.

“बघितलं?”

“भारी होतं,” नील म्हणाला. “एकदम भारी.”

“बारीक झालीस किती,” कमळाबाई म्हणाल्या. “तो सदरा तरी नीट मापाचा घ्यायचा. अंगात नुसता लोंबत होता.”

“जेवलीस का?” वैशालीने विचारलं, आणि तिकडे सकाळ आहे हे लक्षात येऊन म्हणाली, “नाश्ता केलास का?”

“करते आई. बाकी कसं वाटलं?”

“छान. सगळे हसत होते तिकडचे. तुझी ती खुर्ची सरकवायची तऱ्हा, आक्कांनी तर लगेच ओळखलं.” वैशालीला आपण भराभर बोलतोय हे कळत होतं. “शेजारच्या शेवंतीलाही दाखवणार आहे मी. तिची नात पण नाटकात काम करते ना शाळेत.”

“आई,” सुमेधा म्हणाली, “पप्पा कुठेत?”

“आहेत ना. इथेच आहेत. बाळा, तू दमली असशील, आता जरा पड. आपण संध्याकाळी निवांत...”

“वैशाली, थांब,” राजरत्न म्हणाले. “दे रे इकडे.”

नीलने आईकडे पाहिलं. मग फोन वडिलांसमोर, फुलदाणीला टेकवून उभा केला. राजरत्नांनी खुर्ची दोन बोटांनी थोडी पुढे घेतली.

“जय भीम, पप्पा.”

“जय भीम. चांगलं केलंस.”

“खरंच?”

“फुलस्टॉप सगळे घेतलेस. मी मोजत नव्हतो, पण लक्षात येतं.” त्यांनी डाव्या हाताने फोन जरा सरळ केला. “एक चूक केलीस पण.”

 तिकडे सुमेधाने ओठ आत ओढले आणि कॅमेऱ्याकडे बघत राहिली. लहानपणी प्रगतिपुस्तक वडिलांच्या हातात दिल्यावर बघायची तशी. कमळाबाईंनी पदर तोंडाला लावला.

“अहो, कशाला आता,” वैशाली म्हणाली. आवाज इतका बारीक आला की तिलाच नीट ऐकू गेला नाही.

“समोर बसायचीस ना तू,” राजरत्न फोनमधल्या मुलीला समजावून सांगावं तसं म्हणाले. “समोरून बघितलं की उलटं दिसतं. म्हणून तुझं तसं झालं.”

त्यांनी मांडीखालून हात काढला आणि टेबलावर, फोनच्या अगदी पुढ्यात ठेवला. सनमायक्यावर बोटांची टकटक सुरू झाली. कुणी दुसरीकडे बघितलं नाही.

“नीट बघ,” ते म्हणाले. “डावा नाही. माझा हा उजवा हात थरथरतो.”